गुण आहेत, योजक कुठे आहे?

लग्नघरात कामांची वाटणी कशी होते, हे कधी नीट न्याहाळले आहे का? कोठीच्या खोलीची किल्ली हमखास त्या मावशीच्या कमरेला असते, जिच्या नजरेतून खोबऱ्याची एक वाटीही सुटत नाही. मानपानाची यादी त्या आत्याकडे, जिला पंधरा वर्षांपूर्वीच्या मुंजीत कोणाला कोणते पातळ दिले हे अजून पाठ असते. पैशांची पिशवी जात्याच हात आखडता असलेल्या काकांच्या बगलेत. पंगतीत आग्रह करायला गोडबोले मामा. आणि ज्यांचा पारा चटकन चढतो अशा एखाद्या दादांना व्याह्यांचे वारेही लागू नये म्हणून सकाळीच फुले आणायला मंडईत पिटाळलेले असते! हल्ली यातली बरीच कामे कार्यालयवाले आणि केटरर करतात. पण जी उरतात, त्यांची वाटणी अजूनही अशीच होते. त्यासाठी कोणी अर्ज मागवत नाही, मुलाखती घेत नाही. घरातली एखादी आजी झोपाळ्यावर बसल्या बसल्या सगळे ठरवून टाकते. तिने ही माणसे जन्मभर पाहिलेली असतात.

हीच आपण माणसे सोमवारी कचेरीत जातो आणि हे सगळे शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. तिथे माणूस टेबलाला मिळतो, टेबल माणसाला मिळत नाही. जागा रिकामी झाली, त्या दिवशी जो समोर उभा होता तो तिथे चिकटला. पुढे वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात त्याचे काय चुकते, काय कमी पडते, याची नोंद होते. 'सुधारणेस वाव आहे' हे वाक्य तर किती जणांच्या कपाळी लिहिले गेले असेल, त्याची गणतीच नाही. मात्र या माणसाला उत्तम काय येते, हा प्रश्न त्या छापील कागदावर बहुधा नसतोच. वाईट काय ते शोधून दुरुस्त करण्यात आपला जेवढा वेळ जातो, त्याच्या पावपट वेळ जरी चांगले काय ते शोधण्यात गेला, तरी कचेऱ्यांचे रूप पालटेल, असे मला माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून वाटत आले आहे.

टोटल लावणारा माणूस

मी बँकेत नोकरी केली. बँकेचे आणि गावाचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. तशा शाखा तेव्हा गावोगाव होत्या. १९८० च्या दशकातली गोष्ट. संगणक अजून आमच्या उंबऱ्यावर यायचा होता. जाडजूड लेजरे, पितळी टोकने आणि काउंटरवरची गर्दी असा तो काळ. बचत खात्याच्या काउंटरवर आमचे एक सहकारी बसत. चाळिशीचे, अतिशय सज्जन, पण बोलताना किंचित अडखळत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन घ्यायला आलेल्या मंडळींची रांग लागली, की त्यांचे अडखळणे वाढे. त्यात कोणी आवाज चढवला, की हातही थांबे. तक्रारवहीत त्यांचे नाव वरचेवर येई. दोन मेमो मिळाले होते, तिसरा वाटेवर होता. शाखेत त्यांच्याविषयी एकमत होते : माणूस चांगला, पण कामाचा नाही.

आतल्या बाजूला एक तरुण मुलगी लेजरांचे बॅलन्सिंग करायला बसवलेली होती. बोलण्यात चतुर, हसतमुख, गावातली निम्मी माणसे ओळखीची. पण आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यात तिचा जीव रमत नसे. ज्यांना हे काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लेजरातल्या शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज मुख्य खातेवहीतल्या आकड्याशी जुळावी लागे. ती जुळली नाही, तर फरक सापडेपर्यंत एकेक नोंद तपासायची. आमच्या शाखेत वर्षाहून अधिक काळाचे बॅलन्सिंग थकले होते, आणि तपासणी तोंडावर आली होती.

अशात नवे शाखाधिकारी बदलून आले. पहिले दोन आठवडे त्यांनी एकही कागद इकडचा तिकडे केला नाही. नुसते पाहत होते. मग एकेकाला बोलावून त्यांनी दोनच प्रश्न विचारले : तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर शाखेत काय अडेल? आणि कोणते काम अडले, की इतर लोक तुमच्याकडे येतात? आमचे हे काउंटरवरचे सहकारी या प्रश्नांवर गप्प उभे राहिले. पाण्याचा पेला ठेवायला आलेला शिपाईच म्हणाला, "साहेब, टोटल लागली नाही की पाच वाजल्यानंतर सगळे यांच्याकडेच येतात."

आणि ते अक्षरशः खरे होते. आम्ही सगळेच जात होतो. फरकाचा आकडा पाहून ते आधी त्याला नवाने भागत. भाग गेला, तर शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणजे ५४ च्या जागी ४५ लिहिले असणार, असा त्यांचा पहिला अंदाज. नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. तेवढ्याच रकमेची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. हे ठोकताळे हिशेबाच्या जगात जुनेच आहेत. पण त्यांच्या हातात त्यांची जादू होई. दिवसभर 'कामाचा नाही' ठरलेला हा माणूस संध्याकाळी सगळ्या शाखेचे अडलेले काम सोडवत होता, आणि हे आम्हांला कोणालाच विशेष वाटत नव्हते. कारण ते त्याचे काम नव्हते ना!

दुसऱ्या दिवशी टेबले बदलली. ते आत गेले, ती मुलगी काउंटरवर आली. थकलेले बॅलन्सिंग तपासणीच्या आत पुरे झाले. काउंटरवर रांग तेवढीच होती, पण तिचा आवाज बदलला. आजोबांना त्यांच्या नातवाची चौकशी करणारी मुलगी समोर दिसली, की पासबुकाला पाच मिनिटे उशीर झालेला चालतो. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या सहकाऱ्यांनी मला सांगितले, की त्या दिवसांत राजीनाम्याचा कागद त्यांनी लिहून खणात ठेवला होता. घरी दोन मुली शिकत होत्या, दुसरे उत्पन्न नव्हते, तरीही. टेबल बदलले नसते, तर बँकेने एक चांगला माणूस गमावला असता आणि एका घराचा आधार गेला असता. त्यांच्या अंगी काही नवे आले नव्हते. होते तेच कोणीतरी पाहिले होते.

आपल्याकडच्या एका जुन्या सुभाषितात अशा पाहणाऱ्याला 'योजक' म्हटले आहे, आणि जगात निरुपयोगी कोणीच नसते, दुर्मीळ असतो तो योजक, असा त्याचा भावार्थ आहे. व्यवस्थापनशास्त्राचे जाडजूड ग्रंथ पुढे ज्या निष्कर्षाला आले, तो आपले पूर्वज श्लोकात बांधून मोकळे झाले होते. फक्त आपण तो बक्षीस समारंभाच्या भाषणापुरता ठेवला.

पाच जणांची तुतारी

एकमेकांहून निराळी माणसे आपापल्या बळावर एकत्र आली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधायला नको. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी. त्यांनी भांडवलाची बाजू उचलली. शांतारामबापूंची दिग्दर्शनाची दृष्टी, धायबरांचा कॅमेरा, फत्तेलालांचे कलादिग्दर्शन आणि दामल्यांची यंत्रांवरची व ध्वनिमुद्रणावरची हुकमत. पाचांपैकी कोणीही दुसऱ्याची नक्कल नव्हता. एकाला जे येत नव्हते, ते शेजारच्याला येत होते. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली.

प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. तो दिग्दर्शित केला दामले आणि फत्तेलाल या जोडीने. म्हणजे एक यंत्रांत रमणारा आणि एक रंगरेषांत. तुकोबांच्या भूमिकेसाठी निवड झाली विष्णुपंत पागनीसांची, ज्यांचे रंगभूमीवर नाव झाले होते ते स्त्रीभूमिकांसाठी. ही निवड पाहून त्या वेळी कोणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर नवल नाही. पण त्या गळ्यातली भक्ती कोणीतरी ऐकली होती. चित्रपटातला एक अभंग शांताराम आठवले यांनी स्वतः रचला. तो इतका बेमालूम उतरला, की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

प्रभातची उतरती बाजूही सांगायला हवी. धायबर आधीच बाहेर पडले होते; १९४२ मध्ये शांतारामबापू गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल उभे केले; १९४५ मध्ये दामले वारले. १९५३ मध्ये प्रभात बंद झाली. तिच्या पडझडीला व्यवहाराची इतरही कारणे होती. पण पाच बोटांची मूठ जोवर मिटलेली होती तोवर तिच्यात जे बळ होते, ते बोटे सुटी झाल्यावर राहिले नाही, एवढे नक्की. गुणांची जुळणी एकदा झाली म्हणून कायमची टिकत नाही. ती रोज जपावी लागते.

हुशारांची फजिती

'मग सगळीच हुशार माणसे एकत्र आणली की झाले!' असे कोणी म्हणेल. इंग्लंडमधल्या हेन्ले येथील व्यवस्थापन महाविद्यालयात मेरेडिथ बेल्बिन या संशोधकाने हेच करून पाहिले. व्यवसायाचा एक खेळ योजून त्याने निरनिराळे संघ त्यात उतरवले. काही संघांत मुद्दाम बुद्धीच्या चाचण्यांत वरच्या क्रमांकावर आलेलीच माणसे घातली. हे संघ जिंकणार असे वाटत होते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा मागे पडले. जो तो दुसऱ्याच्या म्हणण्यातली चूक काढण्यात पटाईत. ठरलेले काम चिकाटीने तडीस नेणारा कोणीच नाही! बेल्बिनचे यावरचे पुस्तक १९८१ मध्ये आले. कल्पना सुचवणारा, ती पारखणारा, माणसे सांभाळणारा आणि शेवटचा खिळा ठोकून होईपर्यंत न उठणारा, असे निरनिराळ्या प्रकृतीचे लोक एका संघात लागतात, हे त्याचे सांगणे.

पीटर ड्रकर यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात असेच सांगितले होते : माणसाची नेमणूक त्याच्यात काय कमी आहे हे पाहून नव्हे, तर काय आहे हे पाहून करावी. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा दाखला दिला. लिंकनने १८६४ मध्ये जनरल ग्रँटला सरसेनापती केले. ग्रँट दारू पितो, अशा चहाड्या त्याच्या कानावर येत. तो कोणती दारू पितो ते कळवा, म्हणजे बाकीच्या सेनापतींनाही पाठवतो, असे लिंकन म्हणाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. किस्सा खरा असो वा रचलेला. ज्यांच्यात दोष दिसत नव्हता असे आधीचे सेनापती लढाया जिंकून देत नव्हते आणि ग्रँट देत होता, हे लिंकनने पाहिले होते.

पुढच्या हाताला काय हवे?

गुण ओळखून कामे वाटली, तरी अर्धेच काम होते. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काम जाते, तिथेच ते सांडते. कचेरीतली बहुतेक भांडणे 'मला कोणी सांगितलेच नाही' या एका वाक्यातून सुरू होतात.

मुंबईच्या डबेवाल्यांकडून हे शिकावे. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेली माणसे, पुष्कळांचे शिक्षण बेताचेच. करोनापूर्वीच्या काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. डबा घरून उचलणारा एक, लोकलने नेणारा दुसरा, उतरल्यावर कचेरीत देणारा तिसरा. या सगळ्यांमध्ये निरोप एकच : झाकणावरची काही रंगीत अक्षरे आणि आकडे. कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. डब्यात काय आहे, गिऱ्हाईक कोण आहे, याचा त्यात पत्ता नाही. पुढच्या हाताला जेवढे लागते तेवढेच, आणि ते चुकता कामा नये. प्रत्येक गटाला मुकादम असतो, तो अनुभवाने तयार झालेला. २०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयाने त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या आणि या धंद्याला मोठा फटका बसला. त्यानंतर त्यांची संख्या बरीच रोडावली. पण झाकणावरच्या त्या चार खुणांतला धडा जुना झालेला नाही.

आमच्या त्या शाखाधिकाऱ्यांनी असेच काहीसे केले होते. काउंटर उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांनी उभे राहायचे आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची : आज मला कोणाकडून काय हवे आहे. भाषण नाही, तक्रार नाही. आणि जे बोलताना अडखळत, त्यांना चारचौघांत बोलायला लावले नाही. ते चिठ्ठी लिहीत, आणि ती चिठ्ठी सगळ्यांच्या बोलण्याइतक्याच मानाने वाचली जाई. मला यातले हे सर्वांत मोलाचे वाटते. कोणी बोलून नीट सांगतो, कोणी लिहून, कोणी आकडे मांडून, कोणी चहाच्या टपरीवर एकट्याला गाठून. संवाद सुधारायचा म्हणजे सगळ्यांना वक्तृत्व शिकवायचे नव्हे. ज्याला ज्या वाटेने सांगता येते, ती वाट मोकळी ठेवायची.

आणि सांगितल्यावर डोके उडणार नाही, याची खात्रीही हवी. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या अभ्यासिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्या गटांचे नेतृत्व चांगले, तिथे औषधे देण्यातल्या चुकांची नोंद अधिक! नीट पाहिल्यावर उलगडा झाला : तिथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या. दुसरीकडे त्या झाकल्या जात. रोग्याच्या दृष्टीने कोणता वॉर्ड बरा, हे सांगायला नकोच.

करणाऱ्याच्याच डोक्यावर

या सगळ्याला दुसरीही बाजू आहे. ती सांगितली नाही, तर अनेक वाचकांवर, विशेषतः वाचक भगिनींवर, अन्याय होईल. 'बाईंचे अक्षर सुंदर आहे, सभेचे इतिवृत्त त्याच लिहितील.' 'त्यांना माणसे छान सांभाळता येतात, निरोपसमारंभाचे सगळे त्यांच्याकडे द्या.' गुणाचे कौतुक आणि कामाचा बोजा, दोन्ही एकाच श्वासात! जो करतो त्याच्याच डोक्यावर आणखी लादायचे, आणि जो हात वर करतो त्याला मोकळे सोडायचे, याला योजकता म्हणत नाहीत. गुणाप्रमाणे काम दिले, तर गुणाप्रमाणे बढती आणि मोबदलाही द्यायला हवा. नाही तर शहाणी माणसे आपले गुण लपवायला शिकतात. असे लपवलेले गुण मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरा धोका शिक्क्यांचा. अमेरिकेत डोनाल्ड क्लिफ्टन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या बलस्थानांचे चौतीस प्रकार पाडले. २००१ पासून त्यावरच्या चाचण्या जगभर गाजल्या, आणि आपल्याकडच्या कंपन्यांतही आल्या. विचाराला चालना म्हणून त्या ठीक आहेत. पण 'मी कल्पनावाला, हिशेब माझ्याकडे नको' असे कोणी म्हणू लागला, तर ते बळ राहत नाही, सबब होते. नवे शिकण्यातून सूट कोणालाच नाही. पुढे संगणक आले, तेव्हा आमचे टोटल लावणारे सहकारीही पन्नाशी जवळ आली असताना कळफलक शिकलेच. फक्त तो त्यांना शिकवला त्या काउंटरवरच्या मुलीने, कारण शिकवणे हा तिचा आणखी एक गुण निघाला.

शिवाय प्रत्येक गुणाला एक मात्रा असते. काटेकोरपणा वाढला, की फायली तुंबतात. झपाटा वाढला, की चुका होतात. गोडबोलेपणा वाढला, की कडू निर्णय कोणीच घेत नाही. म्हणूनच शेजारी वेगळ्या गुणाचा माणूस लागतो. तो नुसता आपली उणीव भरून काढत नाही, आपला अतिरेकही आवरतो.

हे सारे करायला साहेबच असले पाहिजे, असे नाही. पुढच्या आठवड्यात कचेरीत एक साधी गोष्ट करून पाहा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगा, की अमुक काम अडले की मला तुमचीच आठवण होते. मोघम स्तुती नको, नेमके काम सांगा. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन निरोप देताना माणसाचे गुण भरभरून सांगण्याची पद्धत आहे. त्या दिवशी तो कितीकांच्या कसा उपयोगी पडला, हे एकेक जण उठून सांगतो, आणि समोर बसलेला माणूस संकोचाने मान खाली घालून ऐकत असतो. ज्या माहितीवर त्याची तीस वर्षांची नोकरी सोन्यासारखी झाली असती, ती त्याला शेवटच्या संध्याकाळी साडेपाच वाजता मिळते. ती थोडी आधी द्यायला काय हरकत आहे?